उन्हाळ्यातला कोट

धाकट्याचा फोन आला तेव्हा अण्णा तोंडात खिळे धरून एका जुन्या खुर्चीची बैठक ठोकत होते. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान होतं. लोकांच्या फाटलेल्या खुर्च्या, खचलेले सोफे आणि पोट सुटलेल्या गाद्या तिथे येत आणि नवं कापड, नवा भरावा घेऊन परत जात. तोंडात खिळे असले की अण्णांना नुसतं ऐकता यायचं, बोलता यायचं नाही. माई घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी नेमक्या त्याच वेळी सांगत.

"धाकटा येतोय रविवारी," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "त्या मुलीला घेऊन येतोय."

अण्णांनी एक खिळा काढून ठोकला. ठोका जरा आनंदाचा पडला.

"आणि तिला आपली सहल बघायचीय. कालव्यावरची, पूर्वी जायचो तशी. त्यानं तिला फार सांगून ठेवलंय म्हणे."

यावर मात्र अण्णांनी सगळेच खिळे तोंडातून काढून डबीत ठेवले.

कालव्यावरच्या सहलीला कितीतरी वर्षं झाली होती. उन्हाळा नीट तापला की रविवारी सकाळी ते पाचही जण निघायचे. मुलांच्या बाबागाडीची चाकं काढून अण्णांनी एक ढकलगाडी बनवली होती. तिच्यात टोपली, पाण्याची बाटली आणि लोकरीचं सतरंजीएवढं पांघरूण असायचं. परतीच्या वाटेवर तिच्यात धाकटा असायचा, झोपलेला. थोरली पुढे पळायची, मधला तिच्या मागे. माई गवती टोपी घालून सगळ्यांना सावलीतून चाला म्हणून सांगत आणि स्वतः उन्हातून चालत. कालव्याकाठी एक मोठं झाड होतं, त्याखाली टोपली उघडायची. उकडलेली अंडी, कागदाच्या पुडीत मीठ, जाड लोणी लावलेला ब्रेड, दुधातला केक. सगळ्यांची पोटं भरली, मुलं पाण्याकडे पळाली, की अण्णा झाडाला पाठ टेकत आणि माई त्यांच्या हातात पिवळ्या चीजचा एक तुकडा ठेवत. तो त्यांचा एकट्याचा. तो चघळत, मुलांचे आवाज ऐकत, डोळे मिटून बसायचं. अण्णांना सहल म्हटलं की तेवढंच आठवायचं. बाकीची सगळी खटपट त्या एका तुकड्यापर्यंत पोचण्यासाठी होती असंही त्यांना कधी कधी वाटे.

पुढे थोरली लग्न होऊन दूर गेली, मधला नोकरीसाठी त्याहून दूर गेला. बाबागाडीची चाकं एका गिऱ्हाइकाच्या टेबलाला लागली आणि सहल आपोआप बंद पडली. बंद करू असं कुणी ठरवलं नव्हतं.

"एकच आहे," माई म्हणाल्या. "ती मुलगी व्हीगन आहे."

"म्हणजे कुठली?" अण्णांना ते गावाचं नाव वाटलं.

"कुठली नाही हो. खाण्याचं आहे ते. मटण-मासे खात नाही."

"मग त्यात काय एवढं. आपण तरी कुठं रोज खातो."

"अंडंही नाही. दूध नाही, लोणी नाही, चीज नाही. मधसुद्धा खात नाही."

"मधमाशीनं तिचं काय घोडं मारलंय?"

"तेच तर. कुणीच कुणाचं घोडं मारू नये असं तिचं म्हणणं. जनावरांच्या दवाखान्यात काम करते ती."

अण्णांनी नकळत समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. जुन्या काळची मजबूत खुर्ची होती. तिच्या उसवलेल्या पोटातून घोड्याच्या शेपटीचे केस डोकावत होते. त्यांनी ते बोटानं आत सारले आणि वरून कापड ओढून घेतलं.

माईंनी ती गोष्ट अंगावर घेतली ती परीक्षेसारखी. घरी सून येणार म्हटल्यावर सासूनं सुनेची परीक्षा घ्यायची असते असं ऐकिवात होतं, पण इथे सगळं उलटंच चाललं होतं. सोमवारी दूधवाला बंद झाला. मंगळवारी त्यांनी ओट भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून दूध काढलं आणि ते अण्णांच्या चहात घातलं. चहाचा रंग खळीसारखा झाला. चवीबद्दल अण्णांनी मत दिलं नाही. खळ त्यांनी कामाच्या निमित्तानं अनेकदा चाखली होती, त्यामुळे फरक फारसा नाही एवढं त्यांना कळलं.

बुधवारी अंड्याशिवायचा, लोण्याशिवायचा केक झाला. तो कापायला अण्णांनाच बोलवावं लागलं. मधोमध सुरी अडकली ती केकसकट वर आली. माई रडवेल्या झाल्या, म्हणून अण्णांनी तो केक दुकानात नेला आणि डिंक लावलेल्या फळीवर वजन म्हणून ठेवला. फळी इतकी छान चिकटली की त्यांनी माईंना मुद्दाम बोलावून दाखवली. माईंनी त्यावर दोन तास अबोला धरला आणि मग दुसरा केक भाजायला घेतला.

गुरुवारी घेवड्याचे दाणे उकडून त्यांचे चपटे गोळे झाले. पहिल्या घाण्याचे तव्यावर फुटले, दुसऱ्या घाण्याचे तव्याला चिकटले. अण्णा मुकाट्यानं दोन्ही खात होते. थोरलीनं फोनवर सांगितलं, माई, बिस्किटांतसुद्धा दुधाची पूड असते. झालं. माई भिंग घेऊन फडताळासमोर बसल्या आणि डबे, पाकिटं, बाटल्या वाचत सुटल्या. घरातलं निम्मं फडताळ जनावरांनी भरलेलं आहे हा शोध त्यांना लागला. तिथून त्यांची नजर खाण्यापलीकडे गेली.

"ते पांघरूण न्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "लोकरीचं आहे."

"अगं, लोकर काढायला मेंढीला मारत नाहीत. केस कापतात. मी पण न्हाव्याकडे जातो, मी कधी तक्रार केली?"

"तुम्ही स्वतःच्या पायानं जाता. मेंढीला कुणी विचारतं का?"

लोकरीच्या पांघरुणाऐवजी दुकानातला एक फुलाफुलांचा सुती पडदा निघाला. कुणीतरी शिवायला टाकून कधी न्यायलाच आलं नव्हतं. टोपलीचा चामडी पट्टा गेला, तिथे दोरी आली. अण्णांचे चामडी बूट गेले, तिथे रबरी चपला आल्या. उशीत पिसं निघाली म्हणून उशी घरीच राहिली. शुक्रवारी संध्याकाळी अण्णांच्या लक्षात आलं की आता त्या सहलीत पूर्वीच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी उरल्यात, ते आणि माई. त्यातही माई पूर्वीसारख्या राहिल्या नव्हत्या.

म्हणून शनिवारी, खिळे आणायला जातो सांगून, ते डेअरीवाल्याकडे गेले. डेअरीवाल्यानं काळजीनं चौकशी केली की माईंना बरं नाही का, हल्ली दूध बंद आहे. अण्णांनी बरं आहे असं सांगितलं आणि हलक्या आवाजात चीजचा एक तुकडा मागितला. अगदी छोटा. तसाच पिवळा. त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं, कुणाचं मन दुखवायचं नव्हतं. सगळ्यांनी खाल्ल्यावर, दोघं तरुण पाण्याकडे गेल्यावर, झाडाला पाठ टेकून एक घास. बस.

रात्रभर तो तुकडा फ्रिजमध्ये कोबीमागे राहिला. सकाळी माई उठायच्या आत अण्णांनी तो खाकी कागदात नीट बांधला आणि सुती कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. एवढ्या उकाड्यात कोट कशाला हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होतं. पण होणाऱ्या सुनेसमोर नुसत्या शर्टावर जाणं बरं दिसत नाही, हे उत्तरही तयार होतं. त्यांची अंघोळ होईपर्यंत माईंनी त्या कोटाला ब्रश मारून तो दारात हातावर धरला होता. "घाला," एवढंच त्या म्हणाल्या. अण्णांनी हळूच छातीशी चाचपलं. पुडी जागेवर होती.

अण्णा-माई कालव्याच्या बसथांब्यावर उतरले तेव्हा धाकटा आणि ती मुलगी आधीच येऊन उभी होती. मुलगी उंच होती, केस मुलासारखे कापलेले, पायात कापडी बूट. हसायला तिला जरा वेळ लागायचा, पण एकदा हसली की मग थांबायलाही वेळ लागायचा. माईंनी पटकन तिच्या पायांकडे पाहिलं आणि मग अण्णांच्या रबरी चपलांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

अण्णांनाही मुलगी आवडली. ते तिला तसं काही बोलणार, इतक्यात थांब्याच्या बाकाखालून एक कुत्रा बाहेर आला. तपकिरी, मध्यम, एक कान उभा आणि एक पडलेला. त्यानं धाकट्याकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं नाही, टोपली तर त्याच्या नाकासमोरच होती, तिच्याकडेही पाहिलं नाही. तो सरळ अण्णांपाशी आला आणि मान वर करून त्यांच्या छातीकडे बघू लागला.

अण्णांचा हात कोटावर गेला. चीज.

ते चालू लागले, कुत्रा चालू लागला. ते थांबले, तो थांबला. त्यांनी सगळ्यांना पुढे घालून मागून हळूच पाय आपटला. कुत्र्याला तो खेळ वाटला आणि त्यानं शेपूट हलवली.

"काका, ओळखीचा आहे का हा?" मुलीनं विचारलं.

"छे, छे. असाच आलाय."

"असं कुणाच्याही मागं येत नाहीत हे," ती म्हणाली. "रस्त्यावरच्या कुत्र्याला माणूस बरोबर कळतो. आमच्याकडे दवाखान्यात रोज बघते ना मी."

एखाद्याची खोटी नाणी बाजारात चालून जावीत तसं अण्णांना वाटलं. माईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या पुढे चालू लागल्या.

कालव्याकाठ बदलला होता. वाटेवर फरशी आली होती, रंगवलेली बाकं आली होती. पण झाड होतं. त्याची एक मोठी फांदी कापली होती, एवढंच. धाकटा झाडाखाली उभा राहून वर बघत राहिला. लहानपणी तो त्या फांदीवर चढून बसायचा आणि उतरता आलं नाही की आतून रडायचा, बाहेरून गाणं म्हणायचा. माईंनी पडदा झटकून अंथरला. घाईत त्याच्या कड्या काढायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे कुणी जरा हललं की सगळी सहल छुमछुमायची.

टोपली उघडली. घेवड्याचे गोळे, लिंबू-मोहरी घातलेले बटाटे, शेंगदाणे वाटून लावलेला ब्रेड, काकडी, फळं आणि केक. हा पाचवा होता, सुरीला शरण जाणारा पहिलाच. मुलीनं प्रत्येक गोष्ट दोनदा घेतली. माईंचा चेहरा उजळला. पण कुत्र्याचं कुठल्याच डब्याकडे लक्ष नव्हतं. तो अण्णांना चिकटून बसला होता आणि त्यानं आपलं डोकं बरोबर त्यांच्या कोटाच्या डाव्या बाजूवर ठेवलं होतं.

ऊन चढत होतं. चीज आता मऊ पडत असणार, मग वितळणार, मग अस्तरातून बाहेर येणार, हे अण्णांना धंद्यामुळे अगदी स्पष्ट दिसत होतं. तेलकट डाग कुठल्या कापडातून किती वेळात पसरतो हे ते लोकांना सांगत असत. छातीशी ओलसर लागत होतं. तो घाम होता की दुसरं काही, हे पाहायला हात घालायची सोय नव्हती.

"अण्णा, कोट काढा ना," धाकटा म्हणाला. "फांदीला अडकवतो."

अण्णा म्हणाले, वारा गार आहे. वारा अजिबात नव्हता. त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर आणि नाकावरून काकडीवर पडत होता. मग ते म्हणाले, जरा सर्दी आहे. त्यामुळे मुलगी उठून जवळ आली. तिनं त्यांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजली. मला जनावरांचंच कळतं, ती म्हणाली, पण नाडी ती नाडी, आणि ही पळतेय. तिनं आपला रुमाल कालव्याच्या पाण्यात भिजवून अण्णांच्या डोक्यावर ठेवला. अण्णांनी कोटाचं वरचं बटणही लावून टाकलं.

"बघा, त्यालाही कळतंय तुम्हाला बरं नाही ते," मुलगी कुत्र्याकडे बघत म्हणाली. "तुमचं आणि कुत्र्यांचं पहिल्यापासूनच असं आहे का, काका?"

इथे अण्णांनी नाही म्हणायला हवं होतं. पण कुत्रा का चिकटलाय याला काहीतरी कारण द्यायलाच हवं होतं, आणि खरं कारण वितळत चाललं होतं.

"लहानपणी होता एक," ते म्हणाले.

धाकट्यानं हातातला ब्रेड खाली ठेवला. "कुत्रा? तुमच्याकडे? अण्णा, आम्ही तिघं वर्षानुवर्षं मागत होतो कुत्रा. तुम्ही कधी आणू दिला नाहीत. गाद्या फाडेल म्हणायचात."

पडद्याच्या कड्या छुमछुमल्या. अण्णांनी झाडाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. वाट एकच उरली होती.

"तो गेला ना," ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्यानंतर दुसरा आणायचं मन झालं नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते एक वेळ ठीक होतं, पण धाकट्याच्याही डोळ्यांत आलं. तो उठून जवळ आला आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून बसला. मोठा झाल्यापासून त्यानं असं कधी केलं नव्हतं. म्हणाला, आम्हाला वाटायचं तुम्हाला गाद्यांचीच काळजी. तुम्ही कधी बोलला का नाहीत? मुलीनं हळुवारपणे विचारलं, नाव काय होतं त्याचं? अण्णांनी नुसती मान हलवली आणि पुटपुटले की नाव घेववत नाही.

माई काकडी कापत होत्या. लहानपणी गल्लीच्या तोंडाशी कुत्रा दिसला की अण्णा मागच्या भिंतीवरून उडी मारून शाळेला जायचे, हे त्यांच्या सासूबाईंनी त्यांना लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"मलासुद्धा इतक्या वर्षांत कधी कळू दिलं नाही हो," त्या काकडीला म्हणाल्या.

आता मात्र तो तुकडा जवळ ठेवण्यात अर्थ नव्हता. खोट्यावर खोटं चढत होतं आणि वरून पोरगा रडत होता. अण्णा उठले, जरा पाय मोकळे करून येतो म्हणाले. धाकटा सोबत यायला निघाला, पण मुलीनं त्याला हातानं थांबवलं. त्यांना एकटं राहू दे, ती म्हणाली. कुत्रा मात्र गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

कालव्याच्या वळणावर झुडपांची रांग होती. तिच्या आड जाऊन अण्णांनी कोटाची बटणं सोडली आणि आतली पुडी काढली. कागद कोरडा होता, डाग नव्हता. हे कसं, असं म्हणत त्यांनी पुडी उलगडली.

आत बटाटा होता. उकडलेला, सालासकट, चीजच्याच आकाराचा.

अण्णांनी तो उलटासुलटा करून पाहिला. सकाळी दारात ब्रश घेऊन उभ्या राहिलेल्या माई त्यांना आठवल्या. चीज तेव्हाच गेलं होतं. म्हणजे बसमध्ये ते नव्हतं, थांब्यावर नव्हतं, झाडाखालीही नव्हतं. म्हणजे सबंध सकाळ ते एका बटाट्याचं रक्षण करत होते.

मग त्यांच्या मनात आलं, तर हा कुत्रा कशाला आलाय?

त्यांनी बटाटा खाली वाकून कुत्र्यासमोर धरला. कुत्र्यानं सभ्यपणे हुंगला आणि तोंड फिरवलं. बटाटा त्याला नको होता. अण्णांनी दोन्ही हात मोकळे करून दाखवले, कोट झटकून दाखवला, खिसे उलटे करून दाखवले. इथं काही नाही बाबा, ते म्हणाले, जा. कुत्र्यानं सगळं नीट पाहिलं, मग एक जांभई दिली आणि तो त्यांच्या पायावर बसला. अगदी पायावर. रबरी चपलेवर त्याचं उबदार वजन आलं.

अण्णांना पाय काढून घ्यायचा होता. सवयीनं त्यांनी तो थोडा हलवलाही. पण मग तसाच ठेवला. याच वाटेवरून तिघं पोरं अशीच मागे यायची. कशाला आलात म्हटलं तर सांगता यायचं नाही. थोरली शर्टाचं टोक धरायची, मधला तिचा हात आणि धाकटा मधल्याचा. चालायला जमायचं नाही अशी ती साखळी. तेव्हा अण्णा म्हणायचे, अरे, मला जरा मोकळं चालू द्या. पुढे पोरांनी अगदीच मोकळं चालू दिलं.

झुडपाआड उभ्या उभ्या अण्णांनी तो बटाटा खाल्ला. मीठ नव्हतं, पण वाईट नव्हता.

परत आले ते कोट हातावर टाकून. मुलीनं समाधानानं मान डोलावली आणि पुन्हा नाडी बघितली. आता ठीक होती. अण्णा झाडाला पाठ टेकून बसले, कुत्रा त्यांच्या मांडीला टेकून आडवा झाला. जेवण संपलं होतं तरी कुणाला उठावंसं वाटत नव्हतं. माईंनी धाकट्याला विचारलंच, पूर्वीसारखं झालं का रे सगळं? अंडी नव्हती, लोणी नव्हतं, दुधाचा केक नव्हता, तुला चुकल्यासारखं वाटलं असेल.

धाकटा विचारात पडला. "आपण काय खायचो ते मला आठवतच नाही, माई."

"खरंच, काकू," मुलगी म्हणाली. "यानं मला सगळं सांगितलंय, पण खाण्याचं कधीच नाही. काका झाडाखाली तोंड उघडं टाकून झोपायचे आणि हे तिघं त्यांच्या अंगावर पानं रचायचे, किती पानं मावतात बघायला. आणि तुम्ही त्यांना ओरडायचं सोडून वरती एक पान ठेवायचात. तेवढंच सांगत असतो."

माईंनी आपल्या रिकाम्या डब्यांकडे पाहिलं. पाच केक, सगळे गोळे, भिंग घेऊन वाचलेलं फडताळ त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. "हे आधी सांगितलं असतंस," त्या धाकट्याला म्हणाल्या, "तर मी पानंच घेऊन आले असते." मुलगी हसली आणि मग तिला थांबायला नेहमीसारखाच वेळ लागला. माईही हसल्या. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना सगळे आवाज ऐकू येत होते, आणि तोंडात चीज नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

निघताना कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न आला, पण मुलीनं तो ठरवूनच टाकला होता. आज ती त्याला दवाखान्यात नेणार, तपासणार, टोचणार, धुणार आणि पुढच्या रविवारी घेऊन घरी येणार. काका, त्यानं तुम्हाला निवडलंय, ती म्हणाली. इतक्या वर्षांनी. आता नाही म्हणू नका. अण्णांनी दुकानातल्या सगळ्या गाद्या, सगळे सोफे, घोड्याच्या केसांची ती खुर्ची, सगळं एकदा मनात आणलं आणि बरं म्हणाले. धाकट्यानं माईंना मिठी मारली, मग अण्णांना. कुत्रा अण्णांमागून बसमध्ये चढायला निघाला तेव्हा त्याला धरून ठेवावं लागलं.

बसमध्ये अण्णा-माईंना दोघांपुरतं मोकळं बाक मिळालं. माई खिडकीबाहेर बघत होत्या आणि अण्णा माईंकडे.

"बटाटा?" शेवटी अण्णा म्हणाले.

"वितळलं असतं ते," माई बाहेरच बघत म्हणाल्या. "कोटाचं अस्तर गेलं असतं. आणि त्या पोरीसमोर शोभा झाली असती ती वेगळीच."

"ते बरोबर आहे. पण मग ते चीज गेलं कुठं? फ्रिजमध्ये आहे का?"

माईंच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. एका उतारूला उतरायचं होतं, तो उतरला. बस सुरू झाली.

"खाल्लं मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही अंघोळीला गेला होतात. ओट्यापाशी उभ्या उभ्याच."

"सगळं?"

"गुरुवारपासून घेवडा चाखतेय मी, अहो. तुम्ही नुसता खाल्लात, मी चाखलाय."

बोलण्यासारखं बरंच होतं, पण अण्णांना ओट्याशी उभ्या राहून, न्हाणीघराच्या दाराकडे एक डोळा ठेवून, घाईघाईनं चीज खाणाऱ्या माई दिसल्या आणि त्यांना इतकं हसू आलं की पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं. माईंनी त्यांना कोपर मारलं आणि मग स्वतःच पदर तोंडाशी धरला.

हसू ओसरल्यावर माई व्यवहारावर आल्या. "ते राहू दे. तुमचा तो लहानपणीचा कुत्रा. पुढच्या रविवारी ती पुन्हा नाव विचारेल. धाकटा तर विचारेलच. थोरलीला फोन करून तो एव्हाना सांगूनही मोकळा झाला असेल. आपण दोघांनी एकच सांगितलं पाहिजे."

हे खरं होतं. बस वळणं घेत घराकडे चालली होती आणि ती दोघं डोकी जवळ आणून, कधी नव्हताच अशा कुत्र्याचं नाव ठरवत होती. माईंनी मोती म्हटलं, ते अण्णांना फार सोपं वाटलं. शेवटी खंड्या ठरलं. मग रंग ठरवावा लागला, मग तो कुठे झोपायचा ते. काळा, पांढऱ्या पंजांचा, जिन्याखाली. अण्णा शाळेतून आले की तो गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा, हे अण्णांनी आपणहून घातलं.

"आणि गेला कसा?" माईंनी विचारलं.

अण्णांनी विचार करायला म्हणून बाहेर पाहिलं. खंड्या म्हातारा होऊन जिन्याखाली शांतपणे गेला, असं ते म्हणणार होते. पण माईंनी वळून पाहिलं तर अण्णांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पर्समधून रुमाल काढून अण्णांच्या हातात दिला.